कागदावर दिलेली आणि पोटात न गेलेली गोळी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या ८१ वर्षांच्या आई घरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि आता त्या न्यू जर्सीतील एका नर्सिंग होममध्ये आहेत. त्यांना ऑक्सिकोडोन या तीव्र वेदनाशामकाची ५ मिलिग्रॅमची गोळी दर सहा तासांनी ‘गरजेनुसार’ लिहून दिलेली आहे. रात्री दोन गोळ्या दिल्याची नोंद सापडते. आई मात्र सांगतात की रात्रभर कळा येत होत्या आणि गोळी घेऊन कुणी आलेच नाही. तिथे विचारल्यावर ‘त्यांना विसरायला होते’ असे उत्तर मिळाले. गोळ्या चोरीला जात असतील का, आणि तसे असेल तर कुलपाची एक छोटी पेटी आणून त्या आईंच्या उशाशी ठेवता येतील का, असे आपण विचारले आहे.

मी २३ वर्षे अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये काम करते आहे. त्यातली पहिली अकरा वर्षे मी रात्रपाळीला औषधांची गाडी सांभाळली आणि पुढे परिचारिका विभागाची जबाबदारी घेतली. पेटीचे आधी सांगते: ती आणू नका. रहिवाशाने औषध स्वतःजवळ ठेवून स्वतः घ्यायचे असेल तर ते त्यांच्या बाबतीत सुरक्षित आहे असे तिथल्या डॉक्टर-परिचारिकांच्या चमूने ठरवावे लागते, आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, थोडेफार विसरणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत असे कुणी ठरवणार नाही, ठरवूही नये. शिवाय उशाशी ठेवलेली पेटी खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. आज ज्या गोळीचा निदान हिशेब ठेवला जातो, ती उद्या बेहिशेबी होईल.

मुळात नर्सिंग होममध्ये कुलपांची वानवा नसते. ऑक्सिकोडोन, मॉर्फीन, फेंटानिल ही औषधे नियंत्रित औषधांच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे व्यसनाचा मोठा धोका असलेल्या औषधांच्या यादीत मोडतात, आणि अशी औषधे वेगळ्या कुलपाच्या, पक्क्या बसवलेल्या कप्प्यात ठेवावीत असा केंद्रीय नियम आहे. प्रत्यक्षात गाडीला एक कुलूप, त्याच्या आतल्या खणाला दुसरे, आणि दोन्हींच्या चाव्या त्या पाळीच्या परिचारिकेच्या खिशात अशी व्यवस्था असते. माझ्या अनुभवात चोरी करणारी व्यक्ती बहुधा तीच असते, जिच्या हाती ती चावी रीतसर दिलेली असते. ती खण उघडते, गोळ्यांच्या कार्डातून गोळी काढते, मोजणीच्या कागदावर एक आकडा कमी करते, संगणकावर ‘दिली’ अशी नोंद करते, आणि गाडीपासून खाटेपर्यंतच्या दहा पावलांत ती गोळी खिशात जाते. सगळे कागद जुळतात. कुलूप तुटत नाही, मोजणीत एक गोळीही कमी पडत नाही. कमी पडतो तो फक्त रुग्णाचा आराम.

म्हणून मी नेहमी तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहते: मोजणीचा कागद, औषध दिल्याची नोंद आणि रुग्णाची वेदना. पहिल्या दोन नोंदी एकाच हाताने लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्या एकमेकींशी जुळल्या म्हणून काही सिद्ध होत नाही. तिसरी गोष्ट त्या हाताच्या ताब्यात नसते. कागदावर रात्री एक वाजता गोळी दिलेली असेल, दोन वाजता ‘वेदना शून्य’ असे लिहिलेले असेल, आणि त्याच वेळी शेजारच्या खाटेवरील बाईंनी आपल्या आईंचे कण्हणे ऐकलेले असेल, तर तिथे थांबून चौकशी करायलाच हवी.

असे असले तरी लगेच चोरीचा निष्कर्ष काढू नका, कारण याच चित्रामागे इतर कारणेही असू शकतात आणि मी ती सगळी पाहिलेली आहेत. अर्धवट झोपेत गोळी घेतलेली व्यक्ती सकाळी ते खरोखरच विसरते. शस्त्रक्रियेनंतर वयस्कर माणसांना काही दिवस भ्रम होतो आणि रात्री तो वाढतो. ५ मिलिग्रॅमची मात्राच पुरत नसेल, तर गोळी पोटात जाऊनही दुखणे राहते. काही परिचारिका घाईत फेरीच्या सुरुवातीलाच सगळ्यांच्या नावापुढे ‘दिली’ असे नोंदवून टाकतात आणि गोळी कागदी पेल्यात मेजावर ठेवून पुढे जातात. मग ती चादरीच्या घडीत सापडते. हे चोरी नसले तरी गंभीरच आहे आणि आपल्या आईंना त्याचा त्रास तितकाच होतो. यातले कोणते कारण आहे हे बाहेरून मला सांगता येणार नाही. मात्र ‘त्यांना विसरायला होते’ हे उत्तर म्हणून पुरेसे नाही, कारण ज्यांना विसरायला होते त्यांच्याच गोळ्या सर्वांत आधी चोरल्या जातात. त्यांच्या तक्रारीवर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे चोरणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

एक प्रसंग सांगते. अनेक वर्षांपूर्वी मी एका संस्थेत रात्रपाळीला होते. तिथे हाडांत कर्करोग पसरलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. औषधविक्रेत्याकडून येणारे गोळ्यांचे कार्ड आपण पाहिले असेल: पुढून प्लास्टिकचे तीस फुगीर खण, मागे पातळ चंदेरी कागद, आणि एकेक गोळी मागचा कागद फोडून काढायची. पाळी बदलताना जाणारी परिचारिका कागदावरचा आकडा वाचायची आणि येणारी कार्डातल्या गोळ्या मोजायची. सलग अकरा दिवस आमची मोजणी शेवटच्या गोळीपर्यंत बरोबर होती आणि बाईंचे दुखणे मात्र वाढत चालले होते. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तरी फरक पडेना. एका रात्री गाडीच्या खणातला दिवा बंद पडला म्हणून मी कार्ड उचलून विजेरीसमोर धरले, आणि मागच्या बाजूला दोन खणांवर नखाएवढी पारदर्शक चिकटपट्टी चमकली. कुणीतरी पात्याने कागद चिरून गोळी काढली होती, आत साधी पॅरासिटामॉलची तशीच पांढरी गोळी सरकवली होती आणि वरून पट्टी लावली होती. आम्ही आकडे मोजत होतो, गोळ्या पाहत नव्हतो. त्या बाईंनी दोनदा मला सांगितले होते की ‘ही गोळी वेगळी लागते’. मी त्यांना समजावले होते की कंपनी बदलली असेल. ते वाक्य मी आजही विसरलेली नाही, आणि त्यानंतर वेदनेची कोणतीही तक्रार तपासल्याशिवाय मी बाजूला ठेवलेली नाही.

तेव्हापासून मी जिथे काम केले तिथे मोजणीच्या वेळी कार्ड उलटे करून पाहणे सक्तीचे केले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर अक्षरे व आकडे कोरलेले असतात. ते कार्डावर छापलेल्या वर्णनाशी अधूनमधून ताडून पाहण्याची सवय लावली. याहून पकडायला अवघड युक्ती म्हणजे पूर्ण कार्ड आणि त्याचा मोजणीचा कागद ही जोडी एकदमच नाहीशी करणे. कागदच नाही म्हटल्यावर पुढच्या पाळीला काय कमी आहे हे कळतच नाही. आहेत त्या कार्डांची मोजणी बिनचूक येते. त्यावर उपाय एकच: गोळ्यांबरोबर कार्डांचीही संख्या मोजायची, नवे कार्ड आले किंवा जुने संपले की ती संख्या दोन सह्यांनी बदलायची, आणि औषध दुकानाच्या पोचपावत्या गाडी न सांभाळणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीने दर आठवड्याला खणातल्या कार्डांशी ताडून पाहायच्या. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु माझ्या पाहण्यात कॅमेऱ्यांपेक्षा याच कामाने जास्त चोऱ्या थांबल्या आहेत.

गोळीखेरीज इतर रूपांत धोका वेगळा असतो. फेंटानिलची त्वचेवर लावायची पट्टी साधारणपणे ७२ तासांनी बदलतात, पण काढलेल्या पट्टीतही बरेच औषध शिल्लक असते. म्हणून ती चिकट बाजू आत घेऊन दुमडून, दुसऱ्या परिचारिकेसमोर, त्यातले औषध पुन्हा कुणाला काढता येणार नाही अशा रीतीने नष्ट करायची असते. अंगावरच्या पट्टीवर तारीख व आद्याक्षरे हवीत आणि ती जागेवर आहे का हे प्रत्येक पाळीत सदरा बाजूला करून पाहायला हवे. मॉर्फीनच्या द्रवात पाणी मिसळले तर बाटलीतली पातळी तशीच दिसते. त्यामुळे शक्य असेल तिथे दुकानातून आधीच भरून आलेल्या, मोहोरबंद मात्रा मागवाव्यात. रुग्णाने नाकारलेली किंवा खाली पडलेली गोळी नष्ट करताना दोन सह्या लागतात, आणि दुसरी सही बहुतेक ठिकाणी न पाहताच केली जाते. मीही पूर्वी तशा सह्या केल्या आहेत, कारण रात्री तीस-चाळीस रहिवाशांमागे एक परिचारिका असताना दुसऱ्या मजल्यावरून येऊन उभे राहायला कुणाला वेळ नसतो. मनुष्यबळाची ही टंचाई दूर केल्याशिवाय दोन सह्यांचा नियम कागदावरच राहतो, हे संस्थाचालकांना मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे.

रहिवाशाचा मृत्यू झाला, तो घरी गेला किंवा औषध बंद झाले की त्या गोळ्या कुणाच्याच राहत नाहीत, पण खणात मात्र असतात. माझ्या पाहण्यात बऱ्याच गोळ्या याच काळात नाहीशा होतात, कारण कण्हणारे कुणी उरलेले नसते. त्या नष्ट होईपर्यंत त्यांची मोजणी रोज चालू राहिली पाहिजे. आपल्या आई घरी परततील तेव्हा उरलेल्या गोळ्यांचे काय झाले हे आपणही विचारावे.

आता जी व्यक्ती चोरते तिच्याबद्दल, कारण ते कळल्याशिवाय चोरी ओळखता येत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक जणी विकण्यासाठी गोळ्या नेत नव्हत्या. रुग्ण उचलून उचलून पाठ गेली, स्वतःला हीच गोळी लिहून मिळाली, ती बंद झाली आणि सवय मात्र सुटली नाही, अशी ती वाट असते. अशी सहकारी अनेकदा उत्तम काम करणारी असते; जादा पाळ्या घेते, इतरांची वेदनाशामके द्यायला आपण होऊन पुढे होते. तिच्या पाळीत प्रत्येक ‘गरजेनुसार’ गोळी पुरेपूर दिली जाते आणि इतरांच्या पाळीत त्याच रुग्णांना ती क्वचित लागते, ही खूण मी सर्वांत भरवशाची मानते. अनेक राज्यांच्या परिचर्या मंडळांकडे व्यसनी परिचारिकांसाठी उपचाराच्या योजना आहेत आणि त्यांतून बरे होऊन परतलेल्या जणी मला माहीत आहेत. परंतु दया म्हणून गप्प राहणे मला मान्य नाही. गप्प राहिल्याने एक रुग्ण विनाऔषध तडफडतो आणि ती सहकारी एखाद्या पहाटे कर्मचाऱ्यांच्या न्हाणीघरात बेशुद्ध सापडते. उपचार आणि तक्रार या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी व्हायला हव्यात.

इथवरचे सगळे संस्थेने करायचे आहे. आपल्या हाती काय आहे ते आता सांगते.

पहिली गोष्ट नोंदींची. केंद्रीय नियमांनुसार रहिवाशाला किंवा त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीला स्वतःची नोंद पाहायला मागितल्यापासून २४ तासांत मिळाली पाहिजे, सुट्टीचे दिवस वगळून. प्रती हव्या असल्यास दोन कामाचे दिवस आधी सांगावे लागते. आपल्याकडे आईंचे वैद्यकीय मुखत्यारपत्र नसेल तर ते आधी करून घ्या. मग गेल्या दोन आठवड्यांची औषध दिल्याची नोंद आणि वेदनेची नोंद लेखी मागा. मोजणीचा कागद कदाचित हाती देणार नाहीत; तेव्हा परिचारिका विभागाच्या प्रमुखांना लेखी विनंती करा की त्यांनी व संस्थेच्या सल्लागार औषधतज्ज्ञांनी मोजणीचा कागद या दोन नोंदींशी ताडून पाहावा. नियंत्रित औषधांची आवक-जावक जुळवता येईल इतक्या तपशिलाने ठेवणे ही नियमानेच त्यांच्यावर असलेली जबाबदारी आहे. कोणत्या पाळीत किती गोळ्या गेल्या, एवढेच आपण पाहा. कुणाचे नाव घेऊन आरोप करू नका.

दुसरी गोष्ट डॉक्टरांशी बोलण्याची, आणि मला ती सर्वांत उपयोगाची वाटते. शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे रोज आणि ठरावीक वेळी होत असेल, तर ‘गरजेनुसार’ ऐवजी काही दिवस ठरावीक वेळी औषध देता येईल का, आणि सोबत पॅरासिटामॉल नियमित ठेवता येईल का, हे विचारा. ‘गरजेनुसार’ गोळीची गरज ठरवणारी, देणारी आणि नोंदवणारी व्यक्ती एकच असते, त्यामुळे चोरीला सर्वाधिक वाव तिथेच मिळतो. ठरावीक वेळेची गोळी चुकली तर आईंना, आपल्याला आणि पुढच्या पाळीला लगेच कळते. हा बदल त्यांच्या श्वासावर, झोपेवर आणि मूत्रपिंडांवर अवलंबून असल्याने निर्णय डॉक्टरांचाच. बद्धकोष्ठाचे औषध सोबत आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

संशय बळावला तर डॉक्टर लघवीची तपासणी सांगू शकतात. मात्र साध्या ‘ओपिएट’ म्हणजे अफूजन्य औषधांच्या तपासणीत ऑक्सिकोडोन बहुधा सापडत नाही. त्यासाठी ऑक्सिकोडोनचीच वेगळी तपासणी सांगावी लागते, आणि नमुना नोंदीनुसार गोळी दिल्यापासून एक-दोन दिवसांच्या आत घ्यावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे चुकीच्या तपासणीवरून निरपराध परिचारिकेवर बालंट आलेले मी पाहिले आहे.

कॅमेऱ्याचे आपल्या राज्यावर अवलंबून आहे. टेक्सास, इलिनॉय, मिनेसोटा अशा काही राज्यांत खोलीत कॅमेरा लावण्यासाठी कायदा आहे आणि तिथेही खोलीतील दुसऱ्या व्यक्तीची संमती लागते. इतरत्र संस्थेला आणि वकिलाला विचारल्याशिवाय लपवून लावू नका. आईंना अंग पुसताना, कपडे बदलताना तो कॅमेरा पाहत असतो, याचाही विचार करा.

विचारणा करूनही उत्तर मिळाले नाही तर तारीख घालून लेखी तक्रार द्या. रहिवाशाची औषधे पळवणे म्हणजे त्याच्या मालमत्तेचा अपहार, असेच केंद्रीय मार्गदर्शन सांगते. अशी तक्रार आली की संस्थेला ती राज्याच्या यंत्रणेकडे २४ तासांत कळवावी लागते, आणि छळ किंवा गंभीर शारीरिक इजा असेल तर दोन तासांत. चौकशीचा निष्कर्ष पाच कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. प्रत्येक राज्यात नर्सिंग होममधील रहिवाशांच्या बाजूने उभा राहणारा ऑम्बड्समन असतो. त्याची सेवा विनामूल्य आहे आणि आपल्या संमतीशिवाय तो नाव उघड करत नाही. तक्रार केली तर आईंना त्रास देतील अशी भीती अनेक मुले बोलून दाखवतात. त्याबद्दलही त्याच्याशीच बोला, कारण असा सूड घेण्यास मनाई आहे.

एक गोष्ट आपल्याच माणसांबद्दल सांगायला हवी. मराठी आयांना ‘दुखतंय का’ असे विचारले तर त्या ‘नाही, बरं आहे’ म्हणतात. परक्या बाईला त्रास कशाला द्यायचा, ही त्यामागची भावना असते. इंग्रजी नीट येत नसेल तर त्या नुसती मान डोलावतात, आणि कागदावर ‘वेदना शून्य’ लिहिले जाते. या एका शून्यामागे गोळी न मिळाल्याचे सहज लपते. शिवाय आपल्यापैकी अनेकांना ही ‘अफूची गोळी’ वाटते आणि आपणच आईंना ती शक्यतो टाळायला सांगतो. आपण तसे सांगितले असेल तर ते आधी मागे घ्या. काही आठवडे, देखरेखीखाली, मोडलेल्या हाडासाठी ती योग्य आहे, आणि दुखणे आवरल्याशिवाय त्या चालायला लागणार नाहीत.

मी अशा कुटुंबांना एक कोरा कागद घ्यायला सांगते. त्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत आईंच्या तोंडचे शब्द आणि त्यांचे अर्थ लिहा: ‘दुखतंय’, ‘ठणकतंय’, ‘कळ आली’, ‘आई गं’, ‘गोळी’. त्याखाली त्या दुखताना काय करतात ते लिहा, म्हणजे कपाळाला आठ्या घालतात, चादर मुठीत धरतात, बोलणे बंद करतात. हा कागद खाटेच्या डोक्याशी लावायला परवानगी मागा आणि दुभाष्या मागण्याचा आपला हक्कही वापरा. खाटेजवळ एक वही ठेवा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने त्यात वेळ आणि आई कशा दिसल्या ते दोन ओळींत लिहावे. ती वही म्हणजे दुसऱ्या हाताने लिहिलेली नोंद, आणि परिचारिका विभागाच्या प्रमुखांसमोर ठेवण्याजोगी तीच खरी वस्तू असेल.

रात्रपाळी बहुतेक ठिकाणी अकराला सुरू होते. आज सव्वाअकराच्या सुमारास मजल्यावर फोन करून त्या पाळीच्या परिचारिकेला शांतपणे दोन गोष्टी विचारा: आईंची शेवटची गोळी किती वाजता दिली, आणि तासाभराने दुखणे किती होते. उद्या सकाळी तेच आईंना मराठीत विचारा, आणि दोन्ही उत्तरे त्याच वहीत एकाखाली एक लिहून ठेवा.